सेवाग्रामचा भूतकाळ

५ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. पवनारला धाम दुथडी भरून वाहतेय म्हणे.

आश्रमातून फोन. जानेवारीत अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातून शिक्षकांचा एक गट येणार. बहुतेकांना इंग्रजी येत नाही. "ताई, तुम्ही स्पॅनिश शिकून राहिल्या ना?"

शिकून राहिले. पण वर्तमानकाळापर्यंतच. रविवारी मी लोकांना कुट्या दाखवते, तिथं वर्तमानकाळाचं काय काम?

८ ऑगस्ट

टेकडीवर, हिंदी विश्वविद्यालयात वर्ग. भूतकाळ सुरू झाला. मॅडम हिंदीतून शिकवतात, फळ्यावर स्पॅनिश, माझ्या वहीत मराठी. उच्चार सगळे देवनागरीत उतरवते, कानाला तेच सोयीचं.

'आब्लो'. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलते'. शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना फरक एका तिरप्या रेघेचा. तेवढ्यात माणूसही बदलला, काळही.

नियमित क्रियापदं सोपी. आर, एर, ईर असे तीन शेवट, त्यांचे ठरलेले प्रत्यय. बिहारचा मुलगा म्हणाला, "बस, इतना ही?" मॅडम नुसत्या हसल्या.

१२ ऑगस्ट

रविवारी मी जे सांगते ते आज लिहून काढलं. तोंडातून येतं तसंच.

जमनालालजींच्या आग्रहावरून बापू वर्ध्याला आले. ३० एप्रिल १९३६ला सेगावात आले. मीराबेन आधीपासून तिथं होत्या. झोपडीला फार खर्च नको, सामान इथलंच हवं, असं बापूंनी सांगितलं. आदिनिवासात सगळे एकत्र होते. आताची बापू कुटी आधी मीराबेनची होती. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४०मध्ये गावाला सेवाग्राम नाव दिलं. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता, ते आले, बापूंनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतः मालिश केली. व्हाइसरॉयनं टेलिफोन बसवून दिला. १४ जुलै १९४२ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीनं 'भारत छोडो'चा ठराव केला. २५ ऑगस्ट १९४६ला बापू गेले.

क्रियापदांखाली रेघा मारल्या. येणं, असणं, सांगणं, देणं, ठेवणं, करणं, जाणं. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी अनियमित क्रियापदांची यादी आहे, तिच्याशी ताडून पाहिलं. एकूण एक त्या यादीत.

पाच महिने आहेत.

१५ ऑगस्ट

नियमित कोण, तेही पाहिलं. चालणं, कातणं, झाडणं, रडणं. मारणं नियमित. मरणं अनियमित.

बापूंचे सचिव महादेवभाई आजच्या तारखेला गेले. १९४२, आगाखान पॅलेस.

१९ ऑगस्ट

दोन क्रियापदांचं एकच कोष्टक. 'सेर' म्हणजे असणं, 'ईर' म्हणजे जाणं. भूतकाळात दोघांचंही फ्वी, फ्वीस्ते, फ्वे, फ्वीमोस, फ्वेरोन. कोण होता आणि कोण गेला ते पुढच्या शब्दांवरून ओळखायचं. 'फ्वे माएस्त्रो' म्हणजे शिक्षक होता. 'फ्वे आ वर्धा' म्हणजे वर्ध्याला गेला.

पुलगावची मुलगी वैतागली. असं कसं चालतं यांचं? मॅडम म्हणाल्या, चालतं, कुणाचा गोंधळ होत नाही. लॅटिनमध्ये जाण्याला स्वतःचा भूतकाळ होता. तो वापरातून गेला आणि असण्याचा भूतकाळ त्याच्या जागी बसला.

घरी आल्यावर संस्कृतचं जुनं पुस्तक काढलं. लॅटिनमधल्या त्या 'फुई'चं मूळ आणि आपल्या 'भू' धातूचं मूळ एकच. अभूत्, भूत. म्हणजे धड्याचं नाव आणि धड्यातलं सगळ्यात अवघड रूप एकाच कुळातले. बराच वेळ झोप आली नाही, आनंदानं.

२५ ऑगस्ट, रविवार

आखिरी निवास. पाऊस उघडला होता. अमरावतीहून आलेलं कुटुंब. "आजचीच तारीख," म्हटलं, तसे त्यांच्यातले आजोबा ओट्यावर टेकले. मग पुढचं कुणीच विचारलं नाही.

स्पॅनिशमध्ये इथं नुसतं 'फ्वे' नको. 'से फ्वे'. निघून गेले.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. नातीचा लाकडी बैल सजवला. झूल तिनं स्वतः रंगवली. गल्लीभर सांगत होती, "हे मी करलं."

सून म्हणाली, "केलं म्हण." मी म्हटलं, राहू दे. पडलं, बसलं, चढलं, हसलं, मग करलं. तिला नियम सापडलाय आणि तो कुणी शिकवलेला नाही. चार वर्षांच्या पोरीनं नुसतं ऐकून व्याकरण बांधलं. आपण चूक म्हणतो, पण मला ती तिच्या बुद्धीची खूण वाटते.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, तिकडची पोरंही तेच करतात. 'पूसो' म्हणायच्या जागी 'पोनिओ'. 'आंदूबो'ऐवजी 'आंदो' तर मोठी माणसंही म्हणतात.

९ सप्टेंबर

शेजारच्या मंडळाची आरती चालू आहे, तरी लिहिते.

'उ'चा गट. तेनेर, तूबे. एस्तार, एस्तूबे. आंदार, आंदूबे. पोदेर, पूदे. पोनेर, पूसे. साबेर, सूपे. आबेर, ऊबे.
'ई'चा गट. आसेर, ईसे. केरेर, कीसे. बेनीर, बीने.
'ख'चा गट. देसीर, दीखे. त्राएर, त्राखे.

प्रत्यय मात्र सगळ्यांना एकच: ए, इस्ते, ओ, इमोस, इएरोन. 'ख'च्या गटात शेवटच्या प्रत्ययातला 'इ' गळतो, दिखेरोन. 'मी' आणि 'तो' यांच्या रूपांत जोर शेवटी जात नाही, धातूवरच राहतो. म्हणून तिरपी रेघही नाही.

अनियमित हे नाव मला पटत नाही. नियम आहे, फक्त वेगळा आहे.

अर्जेंटिनात 'तुम्ही लोक' या अर्थाचं 'बोसोत्रोस' वापरत नाहीत. कोष्टकातलं एक घर कमी. 'तू'ला तिथं 'बोस' म्हणतात, वर्तमानकाळात त्याची रूपं निराळी. भूतकाळात तीच: तू बिनिस्ते, बोस बिनिस्ते.

१२ सप्टेंबर

बापू आले. 'बापू बीनो'. एकवचन.

जीभ अडते. मराठीत 'बापू आला' कोण म्हणेल? पण अनेकवचनी 'बिनिएरोन' म्हटलं तर ऐकणारा विचारणार, आणखी कोण आलं? समोरच्याला आदर द्यायला त्यांच्याकडे 'उस्तेद' आहे. समोर नसलेल्या माणसाला नाही. तो कितीही मोठा असो.

आणि बा, म्हणजे कस्तुरबासुद्धा 'बीनो'च. आला, आली, आलं, आले, आल्या यांतलं काहीच तिथं नाही. बाई की पुरुष, एक की आदरणीय एक, ते क्रियापद सांगत नाही. उलट मी, तू, तो, आम्ही हे मात्र इतकं चोख सांगतं की सर्वनाम लागतच नाही.

आणखी एक. बापूंनी ओटा बांधला, कुटी बांधली, घर बांधलं. आपलं क्रियापद बांधलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. त्यांचं बांधणाऱ्याप्रमाणे.

२० सप्टेंबर

दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण कपाटातून खाली घेतलं. १९११चं. माझ्याकडे पुनर्मुद्रण आहे, तेही आता सुटं झालंय.

मराठीची यादी करत बसले. जा, गेला. ये, आला. कर, केला. मर, मेला. हो, झाला. यांच्या मागे गत, आगत, कृत, मृत, जात उभे आहेत. मग सांग, सांगितलं, माग, मागितलं, बघ, बघितलं. मग घे, घेतलं, घाल, घातलं, धू, धुतलं. दे, दिलं. खा, खाल्लं. म्हण, म्हटलं आणि म्हणाला, दोन्ही.

आमचेही गटच पडतात की.

बिहारचा मुलगा हिंदीतले मोजून दाखवत होता. किया, गया, दिया, लिया, पिया, हुआ. मग अडला. माझी यादी बघून म्हणाला, "मराठी बहुत कठिन है, आंटी." आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, ही यादी कुणाला पाठ करायला लावली नाही. लावावी लागलीच नाही.

रोज लागतात तीच क्रियापदं वाकडी राहतात, हे आता लक्षात येतंय. येणं, जाणं, देणं, घेणं, करणं, मरणं. दिवसातून दहादा तोंडात येणारं रूप नियमाची वाट बघत नाही. आई म्हणते तसं लेकरू म्हणतं, त्याचं लेकरू तसंच म्हणतं. क्वचित वापरायचं क्रियापद असेल तर नेमकं रूप आठवत नाही, मग माणूस नियम लावतो आणि ते क्रियापद सरळ होऊन जातं.

२७ सप्टेंबर

नागपूरला गेले होते. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत स्पॅनिश व्याकरण मिळालं. पुठ्ठा नाही. वीस रुपये.

यात फ्वे, द्यो, ब्यो या तिन्हींवर तिरपी रेघ आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. खरं कुठलं?

३० सप्टेंबर

दोन्ही खरी. स्पेनच्या अकादमीनं १९५२मध्ये लेखनाचे नवे नियम आणले, १९५९पासून ते बंधनकारक झाले. एकाच अक्षराच्या शब्दात जोर कुठं द्यायचा हा प्रश्नच नाही, म्हणून रेघ काढून टाकली. माझं पुस्तक त्याच्या आधीचं.

वडिलांची पत्रं आठवली. 'आम्हीं सुखरूप पोहोंचलों. काल मामांकडे गेलों.' १९६२च्या नियमांनी ते अनुस्वार गेले. वडील मात्र शेवटपर्यंत देत राहिले. भूतकाळाच्या डोक्यावरचा तो ठिपका मला अजून आवडतो. 'गेलों'.

२ ऑक्टोबर

आश्रमात पाय ठेवायला जागा नाही. पहाटेपासून उभी. स्पॅनिशचा एक शब्द नाही.

८ ऑक्टोबर

आज खरं कोडं समोर आलं. भूतकाळ एक नाही, दोन आहेत.

'दुर्मिओ' म्हणजे झोपला, एकदाचं झालं. 'दोर्मीआ' म्हणजे झोपायचा, झोपत असे. वर्गात बाकीचे डोकं धरून बसले. हिंदीत 'सोया' आणि 'सोता था', असं मॅडमनी समजावलं. मला लगेच आपला रीतिभूतकाळ दिसला. बापू पहाटे उठत. बापू इथं बसत. बापू फिरायला जात. पूर्वीच्या पुस्तकांत उठे, बसे, जाई.

आणि या दुसऱ्या भूतकाळात अनियमित फक्त तीन. सेरचं एरा, ईरचं ईबा, बेरचं बेईआ. बाकी अख्खी भाषा सरळ.

१० ऑक्टोबर

माझं सांगणं पुन्हा लिहायला घेतलं. दोन रंगांच्या पेनांनी. एकदाच घडलं ते लाल: आले, नाव दिलं, ठराव केला, गेले. रोज घडे ते निळं: पहाटेची प्रार्थना, भाजी चिरणं, कातणं, शास्त्रीबुवांची मालिश, आजाऱ्यांच्या खोल्यांतून फेरी, पत्रांची उत्तरं.

लाल सगळं अनियमित, निळं सगळं नियमित. सेवाग्राम निळ्यातच जास्त आहे. तारखा पाटीवरही वाचता येतात. निळ्याला जास्त वेळ देणार.

१४ ऑक्टोबर

सेलूहून भाऊ आला. सोयाबीन काढलं, पण भावात काही दम नाही. कापसाकडे डोळे. चहा पिताना वही बघितली. "आता हे काय करून राहिली तू?"

'करून राहिली'. पुण्याकडची माणसं आमच्या या बोलण्याला हसतात. स्पॅनिशमध्ये 'एस्तार' लावून अगदी हेच करतात. एस्तोय एस्तुदिआंदो, अभ्यास करून राहिले. भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या लोकाईले आपली बोली समजते."

१७ ऑक्टोबर

'साबेर'नं दिवस खाल्ला. साबीआ म्हणजे ठाऊक होतं. सूपो म्हणजे कळलं. धातू एक, काळ बदलला की अर्थ सरकला. केरेरचंही तसंच. नो केरीआ, इच्छा नव्हती. नो कीसो, साफ नकार दिला.

शास्त्रीबुवांच्या कुटीपुढे हे लागेल. त्यांना दुसरीकडे पाठवायला बापू 'नो कीसो'. पक्कं, लाल पेनानं.

२२ ऑक्टोबर

पेदीर, दोर्मीर, मोरीर. मी मागितलं, पेदी. त्यानं मागितलं, पिदिओ. मी झोपले, दोर्मी. तो झोपला, दुर्मिओ. 'मी'चं रूप जसंच्या तसं, 'तो' आला की धातूतला स्वर चढतो.

बा, २२ फेब्रुवारी १९४४. मुरिओ.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. वही उघडली नाही.

७ नोव्हेंबर

मडगावहून बहिणीचा फोन. तिच्या शेजारच्या आजींना पोर्तुगीज येतं. त्यांना विचारायला लावलं. तिथंही असणं आणि जाणं यांचा भूतकाळ एकच, 'फुई'. आजींनी म्हणे लगेच अख्खं कोष्टक म्हणून दाखवलं. शाळा सोडून किती काळ लोटला असेल त्यांना.

१८ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. गुडघा. टेकडी चढताना तूबे, तूबिस्ते, तूबो, पावलागणिक एक.

२५ नोव्हेंबर

अर्जेंटिना आणि वर्धा यांना जोडणारं काही सापडतंय का ते बघत होते. सापडलं. लान्झा देल वास्तो हा इटालियन १९३७च्या सुमाराला इथं बापूंजवळ राहिला. बापूंनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं. परत जाऊन फ्रान्समध्ये त्यानं आश्रमासारखीच वसाहत उभी केली. अर्जेंटिनाचा शिल्पकार आदोल्फो पेरेस एस्किवेल गांधींबरोबर या शांतिदासालाही मानत आला. तिथल्या लष्करी राजवटीनं त्याला तुरुंगात टाकलं. १९८०मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

रोसारिओच्या शिक्षकांना एस्किवेल ठाऊक असणारच. तो कुणाच्या वाटेनं इथल्या अंगणाशी जोडलेला आहे, ते मी सांगणार. लान्झा देल वास्तो 'बीनो', 'एस्तूबो', 'से फ्वे'. तिन्ही लाल.

९ डिसेंबर

रात्री जाग आली. 'एस्तूबो' की 'एस्ताबा'? बापू इथं दहा वर्षं होते. दीर्घ काळ आहे म्हणून निळं वाटतं. पण मुदत सांगितली, सुरुवात-शेवट सांगितला की लाल. दिएस आन्योस, म्हणून एस्तूबो. वर्षं किती हा प्रश्न नाही. कुंपण घातलंय का, हा आहे.

उठून लिहून ठेवलं.

१७ डिसेंबर

नात सकाळी म्हणाली, "मी दूध पिलं, मी सगळं केलं." दुपारी भांडताना, "मी नाही करलं!"

दोन्ही रूपं एकाच दिवशी. केव्हा एक पक्कं होतं ते टिपायचंय.

२९ डिसेंबर, रविवार

पुलगावची मुलगी आली होती, पाहुणी बनून. बापू कुटीपासून आखिरी निवासापर्यंत स्पॅनिशमध्ये. तिनं मध्ये मध्ये मुद्दाम प्रश्न टाकले. टेलिफोनच्या खोलीपाशी 'पुसिएरोन' पटकन आलं. पिंपळापाशी काही अडलं नाही; लावणं नियमित. १९३६ हा आकडा मात्र स्पॅनिशमध्ये इतका लांब की तो संपेपर्यंत पाहुणा पुढच्या कुटीत पोचेल.

तिचं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती दुभाषी व्हायचं म्हणते. व्हावं.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन वर्गाला. मॅडम म्हणाल्या, आता कोष्टक मिटा. बोला.

१८ जानेवारी

आले. यात्री निवासात उतरलेत. सगळे पन्नाशीच्या पुढचे, दोघी तर माझ्याहून मोठ्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला गुपचूप येऊन बसले.

नंतर एकीनं विचारलं, "कुआंदो शेगो गांधी?" मला ऐकू आलं शेगाव. क्षणभर काही उमगेना. मग उलगडलं. 'येगार' म्हणजे पोचणं. त्यांच्याकडे त्या 'य'चा 'श' होतो. येगो नाही, शेगो. गांधी केव्हा पोचले?

त्यांना सेगाव आणि शेगावच्या टपालाची गोष्ट तिथंच सांगितली. आणि त्यांचं 'शेगो'. प्रार्थनाभूमीवर इतक्या मोठ्यानं हसणं बरं नाही, पण हसलो सगळे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी साडेआठला सुरुवात. ऊन कोवळं, जमीन गार. चपला काढून सगळे आदिनिवासात.

'बीनो' म्हटलं आणि पुढचं आपसूक येत गेलं. दीखो, पूसो, ईसो. कोष्टक डोळ्यांपुढे आलं नाही. निळा भाग सुरू केला तेव्हा एक जण वही काढून लिहायला लागला. बापू भाजी चिरत, हे त्यानं पुन्हा विचारून घेतलं. कुठं बसून? कोण कोण असे? मला येत होतं तेवढं सांगितलं.

परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी सगळे गप्प. 'नो कीसो' ऐकल्यावर एक बाई हळूच तेच म्हणाल्या, "नो कीसो", आणि मान हलवली. त्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण देतात, असं नंतर कळलं. सूपे.

शांतिदासाचं नाव काढलं आणि गट एकदम बोलायला लागला. सगळे एकाच वेळी, भराभर. फार थोडं हाती लागलं. एस्किवेल, तुरुंग, 'लोस देसापारेसीदोस'. त्यांच्या देशात बेपत्ता केलेली माणसं. एकीनं बोटावर मोजून तीन नावं घेतली. तिच्या शाळेतली असावीत. मी विचारलं नाही.

आखिरी निवास. २५ ऑगस्ट १९४६, से फ्वे. दिल्ली, मग नोआखाली. फेब्रुवारी १९४८मध्ये परत यायचं ठरलं होतं. रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद इथं बोलावली होती. ३० जानेवारीला मारलं. परिषद मार्चमध्ये झाली, त्यांच्याशिवाय. नेहरू आले, विनोबा आले. ऊबो, बिनिएरोन.

सगळ्यात म्हाताऱ्या बाई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "इ सी उबिएरा बुएल्तो?"

परत आले असते तर?

प्रश्न कळला. उत्तराला लागणारी रूपं माझ्यापाशी नव्हती. पुलगावच्या मुलीनं तिच्या परीनं काहीतरी सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, लिहून कळव.

२० जानेवारी

मॅडमना अख्खं सांगितलं. त्यांनी लगेच खडू घेतला.

ते आले, बिनिएरोन. शेवटचं 'रोन' काढा, 'रा' लावा. बिनिएरा. दिखेरोन, दिखेरा. ईसिएरोन, ईसिएरा. फ्वेरोन, फ्वेरा. ऊबिएरोन, उबिएरा. एकही अपवाद नाही. 'तर'च्या वाक्याचं रूप भूतकाळाच्या याच वाकड्या धातूवर उभं राहतं. ज्याला ही कोष्टकं येतात त्याला निम्मं आधीच आलेलं असतं.

आपलंही तेच. 'करलं असतं' म्हणत नाही. केलं असतं, गेले असते, आले असते.

२६ जानेवारी

झेंडावंदन. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत, भावाचा फोन. नातीनं आज सकाळपासून एकदाही 'करलं' म्हटलं नाही. उद्याचं सांगता येत नाही.

३० जानेवारी

सकाळी सर्वधर्म प्रार्थना, सूतकताई. दुपारी पत्र लिहायला बसले, रोसारिओच्या बाईंना.

परत आले असते तर काय, याचं माझं उत्तर आहे. २९ जानेवारी १९४८ला, आदल्या दिवशी, बापूंनी एक मसुदा लिहिला होता. काँग्रेसनं राजकारणातून बाजूला व्हावं, लोकसेवक संघ होऊन खेड्यात जावं. नंतर तो 'हरिजन'मध्ये छापून आला, अखेरचं मृत्युपत्र म्हणून. माझी खात्री आहे, ते सेवाग्रामला आले असते तर तो कागद त्यांनी पहिल्याच दिवशी कार्यकर्त्यांपुढे ठेवला असता. आणि भांडण झालं असतं. सगळ्यांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. पण ते भांडण या अंगणात झालं असतं, सगळ्यांच्या समोर.

एवढं स्पॅनिशमध्ये सांगायचं आहे. आला असता, ठेवला असता, झालं असतं, ऐकलं असतं.

पहिलं वाक्य बाईंचंच घेतलं. सी उबिएरा बुएल्तो. दुसऱ्यात 'पोनेर' आहे, ठेवणं. भूतकाळात पूसो, ते येतं. इथं मात्र तिसरंच रूप लागतं, 'पुएस्तो', आणि त्याच्या आधी 'आबेर'चं आणखी एक. पुस्तकात शोधतेय. नाही सापडलं तर सोमवारी मॅडमना विचारीन.